चार उपड्या वाट्या

मे महिन्यात भुसावळात
आम्ही कूलरसमोर झोपत नाही.
कूलरसमोर तो असतो,
खालून हवा जावी म्हणून
चार उपड्या वाट्यांवर बसवलेला.
तरी काड्यांवर टाकलेल्या वांग्यासारखा तापतो
आणि शर्यतीची तिसरी फेरी आली
की असा घरघरतो
की वरच्या झोपेकाकू जिन्यातून विचारतात,
दळण काढलं का रे बाबा, आमचंही टाक.

नवा आलाय.
मुर्तुजाने गोलाणीतल्या दुकानात काचेआड उभा केलाय,
पांढरा, उंच, कॉलर ताठ केलेल्या नवरदेवासारखा.
‘याच्यात ताकद किती आहे माहितीय का, भो?’
तो आकडे सांगतो. मी मान हलवतो.
दीपनगरला राखेच्या पाइपलाइनवर फिटर आहे मी.
पाचशे मेगावॉटच्या संचाखाली उभा राहून
अकरा वर्षं ऐकतोय ताकद:
बहुतेक वेळ ती नुसती थरथरते,
आणि मागे राख सोडते.

पंचावन्न हजार. जुना दिला तर सहा कमी.
हप्ता चार हजार चारशे, बारा महिने.
चारुलता म्हणते, घ्या ना,
आणि लगेच शेगडी पुसायला लागते.
म्हणजे घेऊ नका,
किंवा घ्या, पण मला विचारलं होतं असं म्हणू नका.

नव्यात, म्हणे, ओल्या डांबरावर
दिव्यांची प्रतिबिंबं पडतात.
डांबर मी रोज बघतो.
पण हवाय मला. लपवत नाही.
एकदा तरी काहीतरी
न अडखळता, न तापता, सुसाट जावं
आणि ते माझ्या हातात असावं.

रात्रपाळीहून येऊन मी झोपलो
की आवाज बंद करून ती खेळते.
तिचं तिथे एक गाव आहे.
नदी वळवलीय तिने, पूल बांधलाय,
एका घराच्या दारावर पाटी लावलीय, कोरी,
कारण त्या खेळाला मराठी येत नाही.
येता-जाता ती तिथे थांबते.
कुणाचं घर, मी विचारलेलं नाही.
मुर्तुजा म्हणतो, सगळं नव्यात जातं,
एक वायर लावायची,
चहा होईस्तोवर गाव इकडचं तिकडे.
जातही असेल.

रविवारी टॉवेलात गुंडाळून
पॅसेंजरने जळगावला नेला त्याला, मांडीवर.
शेजारच्याने विचारलं, मूर्ती का?
म्हटलं, नाही, पेशंट.

किंमत करायला मुर्तुजाने स्क्रू काढले.
आत राख.
धूळ नव्हे, मला फरक कळतो.
मऊ, करडी, वस्त्रगाळ,
पंख्याच्या पात्यांवर थर देऊन बसलेली.
माझ्या केसांतून, कॉलरमधून,
दाराला टांगलेल्या माझ्या शर्टातून आलेली.
दिवसभर तिला पाइपातून पुढे ढकलायचं
आणि मूठभर घरी आणायची,
असं चाललं होतं तर.

दोघंही गप्प राहिलो.
मग त्याने ब्रश घेतला.
साडेतीनशे झाले.

आता तो आवाज करत नाही.
झोपेकाकू विचारून गेल्या, विकला का.
चारुलता मध्येच त्याच्यावर तळहात ठेवते,
कपाळावर ठेवावा तसा.
नव्याचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे अजून.
दिवाळीला कंत्राटदार बोनस देईल,
किंवा देणार नाही.

दुपारी अर्धवट झोपेत
बटणांची टकटक ऐकत होतो.
मग ती थांबली बराच वेळ,
म्हणजे त्या दाराशी असणार.

वाट्या अजून त्याच्याखालीच.
सहांच्या संचातल्या दोनच उरल्यात,
तेवढ्यात वरण मावतं आमचं.