चार रेघा

मे महिना, भुसावळ, दुपारची वीज गेलेली.
रेल्वे कॉलनीतल्या चर्चमध्ये कीबोर्ड मुका,
आणि मी तबला मांडून उगाच बसलेला.
सणाला ठेका धर म्हणून बोलावलं होतं मला,
अमळनेरकडचा मी, भजनाच्या बाऱ्यांमध्ये वाढलेला.

कायतान मिनेझीस म्हणाले, बरंच झालं गेली ते.
लोको शेडमधला फिटर माणूस, रिटायर होऊन अकरा वर्षं,
बोटांच्या पेरांत ग्रीसचा रंग अजून मुरलेला.
कपाटातून त्यांनी एक पुस्तक काढलं,
डांबरगोळ्यांच्या वासाचं.
पानावर पाच नाही, चारच रेघा,
रेघांवर काळे चौकोन, काही एकटे, काही खेटून,
आणि काही चौकोन वाळवीचे.
"हा सूर, हाही सूर, ही वाळवी,"
बोट फिरवत ते म्हणाले, आणि गायला लागले.

एकटेच. मागे तंबोरासुद्धा नाही.
मी मांडीवर मात्रा मोजत होतो:
आठ नाहीत, सात नाहीत, साडेनऊही बसेना.
एकाच सुरावरून शब्दांची मालगाडी चाललेली,
वाघिणीमागे वाघीण, तोच सूर, तोच सूर,
मग ओळ संपताना गार्डाचा डबा हलकेच खाली झुकला
आणि सगळं थांबलं.
समच नाही.
मी पुटपुटलो, हाई काय गानं शे भो?

"सम शोधू नको. शब्द जिथं टेकेल तिथं टेकायचं,
आणि दम संपायच्या जरा आधी थांबायचं."

कुणी बांधलं हे, मी विचारलं.
ते हसले. लहानपणी पाद्री सांगायचे,
पोपच्या खांद्यावर एक कबुतर येऊन बसलं
आणि त्याच्या कानात सगळ्या चाली घालून गेलं.
"अडतीस वर्षं शेडमध्ये कबुतरांखाली काम केलं मी.
खांद्यावर ती काय टाकतात ते मला ठाऊक आहे."
मग गंभीर झाले. रोमचे गवई म्हणे डोंगर ओलांडून
फ्रँक राजांच्या मुलखात गेले,
तिथल्या मठांनी ऐकलं, थोडं विसरले,
विसरलेल्या जागी आपलं घातलं,
आणि त्याआधीचे यहुदी स्तोत्रांचे सूर, कोण जाणे.
"जंक्शन आहे हे. कुठला डबा कुठून जोडला
ते रुळांना विचारून काय उपयोग?"

आधी तर या रेघाही नव्हत्या.
शब्दांच्या डोक्यावर नुसत्या खुणा: चढ, उतर, वळ.
किती चढायचं ते नाही.
त्यांनी हात तिरका धरला, जुन्या सिग्नलच्या पाटीसारखा.
"चाल पाठ असेल त्यालाच खूण कळायची.
नसेल त्यानं दहा वर्षं शेजारी बसायचं."

पुढचं गाणं ऐकून मी म्हणालो, ही तर भैरवीची सावली.
"आमच्याकडे तिसरा."
नाव नाही?
"आठ आहेत, नंबरावर भागतं. इंजिनांचं भागतंच की."

तेवढ्यात त्यांची भाची एस्पेरान्स आली, दवाखान्यातली ड्यूटी करून,
चप्पल काढून थेट त्यांच्या सुरात शिरली,
सप्तकभर वरून, पण वाट तीच.
दोघं मिळून एक धागा. तिसरा मिळाला असता तरी एकच.
मग तुमचा आवाज वेगळा कळणार कसा, असं विचारणार होतो,
पण आलेलुया आला.
शब्द संपला, त्यातला शेवटचा 'आ' संपेना.
हतनूरहून सोडलेलं पाणी उन्हाळ्यात
तापीच्या कोरड्या पात्रात येतं ना,
दगडाला वळसा, खड्ड्यात मुक्काम, पुन्हा पुढं,
तसा तो 'आ' गेला.
आलाप मला कळतो. पण यात दाखवायचं कुणाला काही नव्हतं.
माझे हात तबल्यावरून केव्हा उठले होते.

वीज आली.
पंखे कुरकुरले आणि कीबोर्डनं आपोआप
एक-दोन-तीन, एक-दोन-तीन सुरू केलं.
एस्पेरान्स धावली बटण दाबायला.

गवसणी घालता घालता मी विचारलं,
वाळवीनं खाल्लं तिथं कोणता सूर होता?

"काय माहीत," मास्तर म्हणाले.
"पुस्तक मला मिळालं तेच असं.
मी भोकच गात आलोय."