नजर सुधारा

कुताईसीत नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
जिन्याखालची एक फट, तेच बाबांचं दुकान.
आत एक माणूस, एक दिवा आणि
दोनशे सतरा घड्याळं.
त्यांतली चालू किती, हे ग्रामितोन घड्याळजींना विचारू नये.
विचारलंच, तर खिशातलं स्वतःचं काढून
ते आधी कानाला लावतात.

मी त्यांच्या फिती कापते.
कापते कसली, यंत्राला सांगते:
खोकला काढ. मागून गेलेली मिनीबस काढ.
शेजारच्या माक्वालाची कोंबडी, तीही काढ.
ते काढतं. कुठे ठेवू, विचारत नाही.
बाबा म्हणाले 'तोल', त्यानं खाली उमटवलं 'तेल'.
राहू दिलं. तेलही लागतंच की.
मिनिटाच्या आत बसवायचं म्हणून
सगळंच किंचित पळवलं,
इतकं किंचित, की कुणाच्या लक्षात येऊ नये.

तरी तिसऱ्या सेकंदाला माणसं निघून जातात.
आलेखाची रेघ
जिन्यावरून पाय घसरावा तशी पडते.
तुमचा माणूस बघणाऱ्याकडे बघत नाही,
असं यंत्राचं म्हणणं,
आणि खाली एक गुळगुळीत बटण: नजर सुधारा.

दाबलं.

उजव्या डोळ्यावर भिंग. यंत्राला ते उमगलंच नाही,
तो डोळा राहिला खाली, चाकाच्या दातांमध्ये.
पण डावा,
जन्मापासून मी जो अर्ध्या ओढलेल्या पडद्यासारखाच पाहिला,
तो उघडला,
वर आला, आणि थांबला माझ्यावर.
हात खाली केसाएवढी स्प्रिंग बसवतायत
आणि डोळा म्हणतोय, बस ना, काय घाई आहे.

बाबांनी पाहिलं. नाकपुड्या फुगल्या.
'ह्याला कामावर ठेवू नकोस,' म्हणाले,
'असा वर बघत बसला तर स्प्रिंग जाईल
कुणाच्या तरी चहात.'
आणि भिंग पुसायला लागले.

आई टेबलाशी अक्रोड फोडत होती.
काळ्या पडलेल्या बोटांनी तिनं फोन घेतला.
एकदा पाहिलं. परत पाहिलं.
मग टरफलं बाजूला सारून नीट बसली.
लहानपणी आम्ही भावंडं पैज लावायचो,
आपल्या डोळ्यांचा रंग बाबांना सांगता येणार नाही म्हणून.
ती कधी हसली नव्हती.

'एक्केचाळीस वर्षं,' ती म्हणाली,
'हा डोळा माझ्याकडे वळला तो फक्त मीठ कमी पडल्यावर.'
मी म्हटलं, आई, खरा नाही गं, यंत्रानं लावलाय.
'कळतं मला. रंगच चुकलाय.
त्यांचा राखाडी, कडेला पिवळा ठिपका.
हा कुणाचा तरी तपकिरी.'
एक अक्रोड फुटला. अर्धा सडका निघाला.
'लोकांना तो खाली बघणारा दे.
हा माझ्या फोनवर टाक.'

लोकांना दिला.
रेघ तिसऱ्या सेकंदाला पडली.

रात्री त्यांच्या दाराखाली
निळसर पट्टी, जाते, येते.
सत्तावन्न सेकंद, मग पुन्हा पहिल्यापासून.
बारीक टिकटिक ऐकू येते.
अंधारातून बाबा, झोपेत की जागे, कळेना:
'कुणाचं घड्याळ आहे ते? पुढे धावतंय.
उद्या दुकानात आणायला सांग.'
'डोळे मिटा,' आई म्हणते,
आणि टिकटिक
आणखी एकदा पहिल्यापासून.