पंधरा ग्रॅम

इराप्पाचा काटा शून्यावर येत नाही.
रिकाम्या ताटलीवर पंधरा ग्रॅम,
कुणी बोट टेकवून बसल्यासारखे.
झाकण उघडलं तर पातळ प्लॅस्टिकवरची रुपेरी रेघ
शून्याच्या बटणापाशी झिजून तुटलेली,
तांदळाएवढी फट.
डाग द्यावा तर प्लॅस्टिकच वितळणार.
"गिऱ्हाईक भांडूलालेत रे," तो म्हणाला,
"मी रताळी विकू, की वजाबाकी शिकवू?"

त्या रात्री वडगावात, माग थांबल्यावर,
गच्चीत बसून पेन्सिलीचं शिसं किसलं,
सुताराच्या डिंकात कालवलं.
सुकलं, चिकटलं, टणक झालं.
मीटर गप्प.
मग जुन्या सेलातली काळी कांडी
खलबत्त्यात कुटली.
सुलभाला अजून सांगितलेलं नाही.
चटणी चार दिवस करकरत होती.

शेवटी मौलालीनं उद्यमबागेतून
साच्याला फासायचं ग्राफाइट आणलं,
सिमेंटच्या कागदात पुडी बांधून.
इतकं निसरडं,
की चिमटीत धरलं तरी
चिमटीत काही आहे असं वाटेना.
ते नखाच्या पॉलिशमध्ये ढवळलं, काडेपेटीच्या काडीनं.

वहीत लिहीत गेलो.
एकास एक: घट्ट बसलं, वीज जाईना.
एकास दोन: चाळीस हजार ओहम.
एकास तीन: दोनशे दहा!
पण फुंकर मारली तर पापुद्राच उडाला.
जे धरून ठेवतं ते जाऊ देत नाही,
जे जाऊ देतं ते धरत नाही,
असं खाली लिहिलं आणि खोडलं.
वही हिशेबाची आहे.

एकास अडीच.
ओलं होतं तोवर मुकंच.
हेही गेलं म्हणून झोपलो.
पहाटे टोकं टेकवली, तर मीटर असा किंचाळला
की शेजारची गंगव्वा दार उघडून बाहेर आली.
रात्रभरात पातळपणा उडून गेला होता,
आकसता आकसता
कण कणाला जाऊन टेकला होता.
मी काहीच केलं नव्हतं. घोरत होतो.

खडेबाजारच्या कोपऱ्यावर
इराप्पानं बटण दाबलं, नखानं, जरा जोरातच.
पंधरा गेले.
"सोन्नी बंतू!" तो ओरडला,
आणि काहीच नसलेल्या ताटलीकडे
दोघं बघत राहिलो, रताळ्यांची माती
गुडघ्यांना लागेपर्यंत वाकून.
पैसे नको म्हटलं तर एक रताळं हातात दिलं,
परत घेतलं, त्याहून मोठं दिलं.
वजन केलं नाही.

उन्हाळ्यात तडकेल बहुतेक.
उरलेलं बाटलीत घट्ट बंद करून ठेवलंय,
वर चिठ्ठी: एकास अडीच, हलवून घेणे.
आज तिच्याखाली दुसरी ओळ दिसली,
सुलभाच्या अक्षरात:
माझी लाल बाटली होती ही.
आणि खलबत्ता धुऊन ठेव.