टाकीचं माप

मार्गशीर्ष लागला आणि मीटर रुसलं.
एप्रिलात नऊ-नऊ युनिट मोजणारं,
आता सहा पूर्णांक एकवर येऊन
गप्प बसतं.
मी आधी तारांवर शंका घेतली, मग इन्व्हर्टरवर,
मग शेजारच्या इरण्णांवर.
सूर्यावर घ्यायचं सुचलं नाही.

तौफिक आला, शिडी चढला
आणि वरूनच ओरडला,
“वहिनी, सूर्य कधीचा दक्षिणेला उतरला,
तुमचे पॅनल अजून जूनमध्येच आडवे!”

विडी घरकुलात आमची गच्ची. सहा पॅनल.
खाली दोन शिलाई मशीन, एक इस्त्री,
आणि उदगीरच्या शाळेच्या तीनशे निळ्या हाफ पँटी.

भार्गवीच्या कंपासपेटीतला कोनमापक,
त्याला दोऱ्याने बांधलेला एक नट, हा आमचा ओळंबा.
एक बोल्ट गंजलेला. त्याला मशीनचं तेल पाजलं.
मागचे पाय उचलले, जसं
आजारी माणसाला उशीला टेकवून बसवावं.
“तेहतीस,” भार्गवी म्हणाली,
आणि गणिताच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं.
होळीनंतर पुन्हा निजवायचे आहेत.

गाळप सुरू झालं की वाऱ्याबरोबर
कारखान्याची काजळी येते.
दोरीवरच्या पांढऱ्या शर्टांवर ती दरवर्षी दिसायची,
मी दरवर्षी शिव्या द्यायचे.
काचेवर पडली ती मुकाट पडली.
आता साडेसहाला, दव असतानाच,
मामंजींच्या मागावरचा शेवटचा टॉवेल घेऊन वर जाते.
त्याच्या काठाला एक मोर चुकलेला आहे,
चोच आहे, डोळा नाही.
साबण नाही लावायचा. गरम पाणी तर नाहीच.
बोटं बधिर होतात, मोर काळा होतो,
काचेत आधी माझा स्कार्फ उमटतो, मग आभाळ.

थंडीला मात्र नावं ठेवू नका.
मे महिन्यात त्रेचाळीस अंशांत
पॅनलसुद्धा आपल्यासारखीच मान टाकतात.
या गार, कोरड्या उन्हात ती तरतरीत असतात,
फक्त दिवस आखूड. म्हणून
इस्त्री आता रात्रीची नाही. साडेअकरा ते दोन.
पाण्याची मोटरही तेव्हाच.
शेंगाची चटणी तेवढी उखळातच,
सासूबाई विजेला एवढी सवलत देत नाहीत.

सात पूर्णांक चार. पुढे सरकेना.

तीनला कळलं का ते.
इरण्णांची काळी टाकी, उन्हाळाभर जिची सावली
तिच्या पायाशीच मुटकुळं करून असते,
ती आता कठडा ओलांडून
आमच्या शेवटच्या पॅनलच्या कोपऱ्यावर येऊन बसते.
कोपरा एक, पण रांग सगळी मंदावते.
मामंजी असते तर लगेच समजले असते:
ताण्यातला एक धागा तुटला
की अख्खा माग उभा राहतो.

भांडायचं ठरवून गेले, आणि
अंबव्वांनी हातात कडक भाकरी ठेवली.
भाकरी मोडता मोडता भांडण राहून गेलं.

मग टेलरिंगचा खडू घेतला.
रोज तीनला गच्चीवर सावलीची कड आखते,
कडेला तारीख.
वीस, बावीस, पंचवीस डिसेंबर
एकमेकींवर इतक्या चिकटून
की रेघ जाड झाली, हलली नाही.

गड्डा भरला. दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात,
मी तीळ पाहिला:
खडूच्या आत, बोटाच्या पेराएवढा मोकळा सिमेंट.

इरण्णा कठड्यावरून डोकावले.
“हे कुणाचं माप घेतीस गं?”
“तुमच्या टाकीचं.”
“काय शिवणार तिला?”

मी हसले. तोंडात टाचण्या होत्या.
खाली इस्त्री तापली होती,
आणि सव्वातीन होऊन गेले तरी
शेवटच्या पॅनलवर
अजून ऊन होतं.