डाळ कधी घालायची

पहाटे चारला घंटा होते.
गुलाबी वस्त्रांतल्या साठ पोरी
वरच्या दालनात ओळीनं बसतात
आणि जगाची चोवीस कारणं म्हणू लागतात.

मी दॉ ख्यिन ऑन, सगाइंगच्या या टेकडीवर स्वयंपाकीण,
अठ्ठावीस वर्षं चुलीपाशी.
घड्याळ नाही माझ्याकडे. होतं ते इरावतीत पडलं.
पहिल्या कारणाला चूल फुंकते,
सहाव्याला आधण येतं,
आणि बारावा शब्द आला की
डाळ वैरते.

अर्थ मला कधी कुणी विचारला नाही.

कुसलवती एकदा लसूण सोलता सोलता सांगत होती
(शान डोंगरातली, चौदा वर्षांची, नखं कायम कुरतडलेली)
की या ग्रंथात गोष्ट नाही, राजा नाही, हत्ती नाही,
नुसतं हे असेल तर ते,
आणि त्याची इतकी पानं
की बैलगाडीचा आस मोडावा.
"मग वाचता कशाला?"
"परीक्षा असते," ती म्हणाली.
मग एक पाकळी दिव्यासमोर धरून,
"आणि मावशी, यात मी कुठेच सापडत नाही.
शोधून पाहिलं."

मागच्या हिवाळ्यात कोरियाहून
करड्या वस्त्रांची एक भिक्षुणी आली होती.
तिच्याकडे म्हणे एकच प्रश्न देतात,
तो चघळत वर्षानुवर्षं बसायचं,
पुस्तकं चपलांसारखी दाराबाहेर.
पण त्याच देशात एका डोंगरावर
लाकडात कोरलेले सगळे ग्रंथ जपलेत,
कुठल्या खिडकीतून वारा किती यावा
याचाही हिशेब करून.
ल्हासाकडच्या पंथात, तिनंच सांगितलं,
टाळ्या वाजवून भांडतात:
एक उभा, एक बसलेला,
मधे एक वाक्य, हाडूक टाकावं तसं.

दॉ विपुलासिरींनी सगळं ऐकून घेतलं,
भाजलेले शेंगदाणे पुढे सारले.
"आमच्याकडे पाठ करतात," एवढंच बोलल्या.
नंतर मला म्हणाल्या, जुनी माणसं सांगतात,
धर्म जगातून निघेल तेव्हा
हा अवघड ग्रंथ सर्वांत आधी जाईल,
तोही शेवटाकडून. गोष्टी मागाहून.
त्या रात्री मला सारखं वाटत राहिलं
की घरातलं जड सामान
कुणीतरी आधी हलवतंय.

मग ती दुपार.
जमीन कण्हली आणि उभं होतं ते बसलं.
विटा, तुळया, ग्रंथांसकट कपाटं.
पोरी मोजल्या. सत्तावन्न.
परत मोजल्या.

तिसऱ्या पहाटे चिंचेखाली बसल्या.
ताडपत्रं ढिगाऱ्यात, बुडाखाली निळी ताडपत्री.
मी तीन विटांची चूल मांडली.
अकराव्यापर्यंत आल्या आणि अडल्या.
बारावा शब्द कुसलवती आणि नंदासिरी
दोघी मिळून उचलायच्या.
नंदासिरी त्या तिघींत होती.
कुसलवतीनं तोंड उघडलं,
डावीकडे पाहिलं,
तोंड तसंच राहिलं.

दॉ विपुलासिरीही गप्प.
मुद्दाम असेल, किंवा त्यांनाही आठवेना.
आधण उसळत होतं.
सुपात डाळ घेऊन मी उभी,
आणि माझ्याच तोंडून गेलं:
"आसेवन."

सगळे मुंडण केलेले माथे वळले.
मग कुठूनसं तेरावं आलं, चौदावं,
कुणी रडत, कुणी चुकत, चोवीसपर्यंत.

जेवणानंतर ती भांडी घासायला आली.
"मावशी, त्या शब्दाचा अर्थ माहीत आहे?"
"नाही. तिथं डाळ पडते."
ती हसली नाही. राखेनं तळ घासत राहिली.
"परत परत करणं," म्हणाली.
"आधीचं क्षणात जातं, पण जाताना
पुढच्याला बळ देऊन जातं. असं काहीतरी.
तीन गुणांना येतो."

परीक्षा त्या वर्षी झालीच नाही.
आणि डाळ त्या दिवशी करपली होती.
कुणी काही बोललं नाही.