कवळी

बोट येणार असली की आम्ही पहाटे निघतो,
आनेत्यूमहून, तीन होड्यांत,
पपया, टोपल्या, वेण्या घालायचे कंगवे,
आणि माझ्या मांडीवर चाळीस चष्मे, चाळीस नळ्या.
समोरच्या बेटावर रात्री माणूस राहत नाही.
भुतं राहतात, म्हणतात जुने लोक.
दिवसा मात्र टेबल लागतं, पाटी लागते,
भुतं तेवढा वेळ झोपत असावीत.

बारा मजले नांगर टाकून उभे राहतात
आणि त्यांतून माणसं उतरतात,
नाकावर पांढरं मलम थापलेली.
मी सांगते : चष्म्यात आधी थुंका, धुकं धरत नाही.
हसतात.
मग तोंड फिरवून, चोरून थुंकतात.
मी सांगते : खाली पोवळं आहे, त्यावर उभं राहू नका,
ते जिवंत आहे.
मान डोलावतात,
दगडाला जीव असतो असं सांगणाऱ्या बाईपुढे
डोलवावी तशी.

त्या मंगळवारी एक उंच म्हातारा होता. चष्मा नंबर अडतीस.
बायको बेरिल, छत्रीखाली.
दर दोन मिनिटांनी तिची हाक :
लिंडसे, लांब नको.
पाण्याखाली हाक पोचत नाही,
बहुधा म्हणूनच तो गेला होता.

अर्धा तास पालथा तरंगला,
पुरात वाहून आलेल्या ओंडक्यासारखा.
मी दोनदा होडी जवळ नेली, आहे ना, बघायला.
नळीतून घोरल्यासारखा श्वास येत होता.

मग काय दिसलं कुणास ठाऊक.
एकदम पाण्यात उभा झाला, हात पसरून,
नळी काढून ओरडला,
आणि शब्दाच्या आधी दात बाहेर पडले.
वरचे. अख्खी ओळ.
गुलाबी-पांढरे, गिरक्या घेत, सावकाश,
खाली फांद्यांत.

माझा भाऊ योपेत चारदा बुडी मारून आला.
भोंगा झाला.
म्हातारा तोंडावर हात धरून लाँचमध्ये चढला,
डोळे अजून खालीच.
बेरिल काही बोलली नाही. तिने छत्री मिटली.

त्या रात्री भुतांकडे एक कवळी होती.
आता चावतील, म्हणाला योपेत,
आणि आम्ही इतके हसलो की
होडी दोनदा स्वतःभोवती फिरली.

वादळानंतर रीफची ही बाजू पांढरी पडली होती.
तीन वर्षं मी कुणाला इकडे आणलं नाही,
आजारी माणसाच्या खोलीचं दार लोटून घ्यावं, तसं.
आता टोकांना जांभळं काही फुटतंय.
पोपटमासे परत आलेत.
कान पाण्यात घातले की त्यांचं जेवण ऐकू येतं,
कुरूम, कुरूम,
खडक चावतात आणि मागून वाळू सोडतात.
ज्या किनाऱ्याचे एवढे फोटो निघतात
तो बराचसा त्यांच्या पोटातून आलेला.
हे मी पाहुण्यांना सांगत नाही.
गाल टेकून झोपलेले असतात बिचारे.

अकराव्या दिवशी, ओहोटीला, मला ते दात सापडले.
पुढच्या बोटीने पाठवू, म्हणून हात घातला
तर टाळूच्या गुलाबी खोबणीत
कुणीतरी अंडी घातलेली, साबुदाण्याहून बारीक,
आणि बोटाएवढा एक मासा
माझ्या अंगठ्यावर धावून आला.

हात मागे घेतला.
तिथेच पालथी तरंगत राहिले मग,
तो राहिला होता तशी, तो बघत होता तिकडे तोंड करून.
निळं होतं. ऊन हलत होतं.
एक पोपटमासा आला, थांबला,
माझ्याकडे बघून हिरवे दात दाखवले.
लहानपणापासून बघतेय मी हा मासा. तळून खाल्लाय.
तरी नळीत माझा आवाज फुटला.
कुठला शब्द होता, मलाही सांगता येणार नाही.

पाटीवर योपेतने खडूने एक ओळ वाढवलीय :
पाण्यात जाण्यापूर्वी दात काढून ठेवावेत.
खाली, लहान अक्षरात, मी :
ओरडावं लागण्याची शक्यता आहे.