ओळीनं

अमरावतीहून शिकून आले आणि
ग्रामपंचायतीचं पान मी बनवलं.
तीन रकाने, हिरवी पट्टी,
वर सरपंचांचे फोटो, आपोआप सरकणारे.
गावभर दाखवत हिंडले.
दौलत मडावींच्या चक्कीत शिरले,
"काका, पाहा ना" म्हटलं
आणि जीभ चावली.

"आन इकडं. पानीपट्टी भरता येते म्हन्तात."
पिठाचा हात पायजम्याला पुसून
त्यांनी आपला फोन काढला.
बोट काचेवरून फिरलं, आतली बाई बोलू लागली:
बटण. बटण. चित्र.
बटण.
"कायचं बटण, वं?"
तिला विचारलं की मला, कळलं नाही.
तेवढ्यात फोटो सरकला
आणि बसता बसता पाट ओढावा
तशी बोटाखालची जागा गेली.

ज्वारी झाली की अजून एकदा घालायची
हे चिमटीत ओळखणारी ती बोटं
माझ्या पानावरून रिकामी परतली.

रात्री मी पडदा काळा केला, आवाज लावला,
नुसत्या कानानं माझ्याच पानात शिरले.
डाव्या रकान्यातून उजव्यात, तिथून एकदम तळाला.
पाणीपट्टी मलाही सापडली नाही.
आई म्हणाली, कोणाशी भांडून राहिली?

सकाळी चक्कीच्या आवाजात ओरडून विचारलं,
काका, कसं लावू?
"हे डबे पाय. रंगानं लावले काय मी?
आला तसा ठेवला, ओळीनं.
हात लावला का समजते.
अन् डब्याले नाव पायजे.
बिननावाचं पीठ कोनी नेते काय?"

रकाने मोडले.
एकाखाली एक: पाणीपट्टी, दाखले, तक्रार.
बटणं त्यांच्या अंगठ्याएवढी,
मध्ये बोटभर मोकळी जागा.
फोटो थांबवले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्यांनी
एकशे ऐंशी रुपये भरले. स्वतः.
पावती तीनदा ऐकली.
मग म्हणाले, "वरतं 'चित्र एक' म्हन्ते.
कायचं हाये थे?"

मी फोटो पाहिला, पहिल्यांदाच नीट,
आणि उभ्यानंच टाईप केलं:
नव्या नळाचं उद्घाटन.
हार घातलेले सरपंच, मागे अकरा माणसं.
तोटी उघडलेली, खाली बादली.
पाणी दिसत नाही.

काकांनी बोट ठेवलं, ऐकलं,
आणि मिशीवरचं पीठ उडेपर्यंत हसले.
"राहू दे," म्हणाले,
"तसंच राहू दे."